देवाच्या नावावर परवाना नाही

“हातात घ्यायचं नाही, सिंधू. पदर पुढं करायचा.”

सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा, हा आवाज मला अजूनही संध्याकाळी दिवा लावताना ऐकू येतो. त्यांनी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी आमच्या हॉटेलच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. समोर खडीच्या खाणीचे एक मालक होते. कमरेचं रिव्हॉल्व्हर त्यांनी काढलं होतं आणि ते कुणाकडं द्यावं हे त्यांना कळत नव्हतं. तात्या माझ्या मागून हळू आवाजात सांगत होते. आधी पाणी द्यायचं. पाणी पिऊन झालं की म्हणायचं, गोळ्या काढून तुमच्या खिशात ठेवा. मग पदर पुढं करायचा. पदरात आलं की देवघरात नेऊन तांबड्या फडक्यावर ठेवायचं आणि माणूस जेवून निघाला की तसंच पदरातून परत द्यायचं. मधे त्याला बोटसुद्धा लावायचं नाही.

मी नवी सून होते. सांगितलं तसं केलं. खाणवाल्यांनी देवघराच्या दिशेनं हात जोडले आणि मुकाट्यानं आत जाऊन बसले.

आमचं हॉटेल चिंचणी फाट्यावर, मोठ्या रस्त्याला लागून. पुढं परमिट रूम, डाव्या हाताला चिंचेखाली कुटुंबांसाठी टेबलं आणि त्यांच्या मागं चार पायऱ्या चढून आमचं घर. परमिट रूममध्ये मी आयुष्यात पाऊल टाकलं नाही. माहेरी दत्ताची उपासना होती. रोज दिवेलागणीला एक माळ जप आणि माळ पुरी होईपर्यंत मौन, हा माझा लहानपणापासूनचा नेम. लग्नानंतर आठवड्याच्या आतच मी हे तात्यांना घाबरत घाबरत सांगितलं. ते म्हणाले, तू तुझी माळ ओढ, आम्ही आमचा गाडा ओढतो. आणि गंमत अशी की पुढं सरकारी कागद करायची वेळ आली तेव्हा दारूचं परमिट त्यांनी माझ्याच नावावर केलं. कारण विचारलं तर माझ्या नवऱ्याकडं बघत म्हणाले, “घरात न पिणारं माणूस एवढंच आहे.” हे खाली मान घालून हसले. वादच नव्हता.

आमचा भाग द्राक्षबागांचा. रानात एकेकटी घरं, दोन घरांमधे हाकेच्या पलीकडचं अंतर, आणि मधे काही वर्षं दरोड्यांची गेली. त्यामुळं परवान्याचं हत्यार बऱ्याच जणांकडं असायचं. ती माणसं दिवसभर ते अंगावर वागवायची आणि संध्याकाळी तशीच आमच्याकडं यायची. एकदा पलीकडच्या ढाब्यावर वरातीतल्या एकानं आनंदाच्या भरात छताकडं गोळी झाडली आणि फिरता पंखा रश्श्याच्या पातेल्यात आला. कुणाला लागलं नाही, पण तात्यांनी त्या दिवशी ठरवलं की आपल्या छपराखाली हत्यार आणि ग्लास एकत्र येऊ द्यायचे नाहीत. ते म्हणायचे, वेटरनं मागितलं तर माणसाला वाटतं आपली झडती झाली. गल्ल्यावर मागितलं तर वाटतं गहाण टाकलं. घरच्या लक्ष्मीनं पदर पसरला आणि देवापुढं ठेवलं, तर त्याला वाटतं आपण काहीतरी वाहिलं.

तात्या गेले, तरी रीत चालू राहिली. फाट्यावर ती सगळ्यांना ठाऊक होती. एकदा पुण्याच्या एका पाहुण्यांनी हसून विचारलं होतं, तुमचा देव कुठल्या कंपनीचा माल ठेवतो. मी म्हटलं, येईल तो ठेवतो, तक्रार करत नाही.

ती रीत सगळ्यात मनापासून पाळायचे ते जयसिंग आबा. नदीकडच्या मळ्यातले मोठे बागायतदार, उंचेपुरे, बोलायला कमी. मळ्यावर दरोडा पडल्यानंतर त्यांनी परवाना काढला होता. दर बुधवारी यायचे. पाणी प्यायचे, भिंतीकडं तोंड करून गोळ्या काढायचे, खिशात टाकायचे आणि रिव्हॉल्व्हर माझ्या पदरात ठेवताना दर वेळी तेच म्हणायचे, “पाहुणीला देवापुढं बसवा वैनी.” मग दोन पेग, ज्वारीची भाकरी, आणि जाताना पाहुणीला घेऊन घरी.

त्यांचे धाकटे भाऊ हणमंतअण्णा मात्र आमच्याकडं बुधवारी कधी फिरकायचे नाहीत. त्याला कारण होतं. मी सांगतेय त्याच्या काही वर्षं आधी दोघांची सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली होती. शब्दानं शब्द वाढला आणि आबांनी शर्ट वर केला. हत्यार काढलं नाही, रोखलं नाही. फक्त शर्ट वर केला आणि रिव्हॉल्व्हरची मूठ दाखवली. अण्णांनी ती बघितली, मोटरसायकलला किक मारली आणि निघून गेले. गावातल्या लोकांनी अण्णांना पुष्कळ सांगितलं, तक्रार दे, परवाना रद्द होईल त्याचा. अण्णांनी दिली नाही. पण थोरल्याच्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. आई थोरल्याकडं राहायची. तिला भेटायचं तर गुरुवारी दत्ताच्या देवळात, आरतीनंतर ओट्यावर.

त्या आईला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. देवळात त्या आणि मी शेजारी बसायचो. त्यांचाही दिवेलागणीच्या माळेचा नेम होता. एका गुरुवारी आरती झाल्यावर त्यांनी माझा हात धरला.

“सिंधू, मोतीबिंदू काढला आणि आता मला सगळं स्वच्छ दिसायला लागलंय. तर एवढं बघायचंय. दोघं एकत्र माझ्या दारात आलेले.”

मी म्हटलं, मी काय करू शकते आक्का.

“तू जेवायला बोलाव. तुझ्याकडं आधी एकत्र जेवू दे. मग माझ्याकडं येतील.”

“तुम्ही पण या.”

“मी नाही येत. मी आले की दोघं माझ्याकडं बघून बोलतील. एकमेकांकडं बघायला पाहिजेत.”

मी शब्द दिला. वार ठरवणं मात्र सोपं नव्हतं. सोमवारी आबांचा उपास, शनिवारी अण्णांचा, गुरुवारी सगळ्यांचा, मधल्या मंगळवारी चतुर्थी, आणि शुक्रवार-रविवार हॉटेलात गर्दीचे. मटण खाता येईल असा बुधवारच राहिला. निरोप मीच दोघांना धाडले. आबांनी “येतो” एवढंच कळवलं. अण्णांनी विचारलं, तो खरंच येणार आहे का. मी म्हटलं, तुम्ही या म्हणजे झालं.

त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातून हॉटेलवाल्यांना बैठकीची चिठ्ठी आली. तालुक्यात कुठल्यातरी लग्नात कुणीतरी पुन्हा गोळी झाडली होती. परमिट ज्याच्या नावावर त्यानंच यायचं, असं त्यात होतं. म्हणून मी गेले. ठाण्याच्या मागच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, सगळे मिशीवाले, आणि मधे मी, पदर डोक्यावरून, हातात जपमाळेची गोमुखी. एका ढाबेवाल्यानं जागा करून दिली आणि शेजाऱ्याला म्हणाला, “सरका, बारवाल्या काकू आल्यात.” काही जण हसले. फौजदार क्षीरसागर नव्यानं बदलून आले होते, तरुण होते, शांत बोलायचे. ते म्हणाले, हसण्याचं सोडा, एवढ्यांत नाव कागदावर आहे आणि माणूसही तोच आलाय, अशा ह्या एकट्याच असतील.

मग त्यांनी समजावून सांगितलं. परवाना माणसाच्या नावावर असतो. अंगावर बाळगायचं तर चारचौघांत ते पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि ज्याचं आहे त्याच्या ताब्यात पाहिजे. बाहेर काढून मिरवणं, नुसतं दाखवून धाक घालणं, यानंसुद्धा परवाना जाऊ शकतो.

ढाबेवाल्यानं विचारलं, “आणि प्यायला बसला तर? त्याला आत घ्यायचा का नाही?”

“कलमांचं बारीकसारीक मी वेगळं सांगेन. पण दार तुमचं आहे. जो माणूस तासाभरानं स्वतःचे पाय सांभाळू शकणार नाही, त्याच्या कमरेला काय आहे हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. नाही म्हणायचाही आहे.”

मला बरं वाटलं. वाटलं, तात्यांनी हे आधीच करून ठेवलंय. आणि त्याच समाधानात मी हळूच विचारलं, “साहेब, आम्ही ते ठेवून घेतो. देवापुढं. जाताना परत देतो.”

खोलीत हशा पिकला. क्षीरसागर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, कुणाच्या ताब्यात असतं तेवढा वेळ? मी म्हटलं, देवाच्या.

“काकू, देवाच्या नावावर परवाना नाही,” ते म्हणाले. “तुमच्या नावावरही नाही. दुसऱ्याचं हत्यार तुमच्या घरात सापडलं तर गुन्हा तुमच्यावर. ज्यानं दिलं तोही अडकेल. तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतंय, पण पंचनाम्यात हेतूचा रकाना नसतो.”

मग कुणीतरी विचारलं की माणूस गावाला निघाला, लग्नाला निघाला, तर त्यानं करायचं काय. ते म्हणाले, घरी कुलपात ठेवावं. नाहीतर ठाण्यात जमा करावं, निवडणुकीत करता तसंच. त्यासाठी निवडणूकच लागते असं नाही. माणूस आपणहून आला तरी आम्ही जमा करून घेतो, पावती देतो.

घरी आले आणि देवघरातलं तांबडं फडकं काढलं. धुतलं, वाळवलं, घडी करून कपाटात ठेवलं. ह्यांना सांगितलं. ह्यांना पटायला वेळ लागला. तात्यांनी घालून दिलेलं आहे, इतक्या वर्षांत कधी काही झालं का, असं म्हणत राहिले. मी जेवायला वाढलं. जेवता जेवता ह्यांच्या लक्षात आलं.

“बुधवारी आबा येणार आहेत.”

“हो.”

“आणि नेमकं त्याच दिवशी दारात अडवायचं? अगं, तो माणूस तिथून पाठ फिरवेल. भाऊ आत बसलेला आणि हा बाहेरून परत.”

तेच माझ्याही मनात होतं. आबांनी पाठ फिरवली तर आक्कांची इच्छा तिथंच संपणार होती. पुन्हा कुणी कुणाच्या निरोपावर आलं नसतं. आणि हत्यारासकट आत बसवलं, तर अण्णा एक क्षण थांबले नसते.

फोनवर सांगणं बरं दिसणार नाही म्हणून हे दुसऱ्या दिवशी स्वतः मळ्यावर गेले. आबा बेदाण्याच्या सौद्यासाठी तासगावला गेलेले. बुधवारी संध्याकाळपर्यंत परत येतील आणि परस्परच तुमच्याकडं येतील, असं घरातून कळलं. आबांच्या बायकोजवळ असला निरोप ठेवणं ह्यांना जड वाटलं. तसेच परत आले.

बुधवारी ऊन कलल्यावर अण्णा आले. इस्त्रीचे कपडे, भांग पाडलेला. चिंचेखालच्या कडेच्या टेबलावर बसले, पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडं. मी विचारलं, काय पाठवू. म्हणाले, ताक द्या, दादा आल्याशिवाय ग्लास नको. ताक घेऊन मीच गेले. त्यांनी घोट घेतला आणि खाली बघत विचारलं.

“वैनी, तो ते घेऊन येईल का?”

“आणलं तरी आत येणार नाही. आणि मी आता ठेवूनही घेत नाही.” मग ठाण्यातलं सगळं त्यांना सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. “मग अवघड आहे,” म्हणाले. “तुमचा राग नाही, पण आधीच सांगून ठेवतो. आज ते त्याच्या कमरेला असलं तर मी उठतो. जेवायला बोलावलेल्या माणसानं ते आणलं, तर मला दुसरं काय समजायचं?”

“आक्कांसाठी तरी थोडं थांबा.”

“आक्कासाठीच आलोय,” ते म्हणाले. मोटरसायकलची किल्ली त्यांनी टेबलावर ताकाच्या पेल्याशेजारी ठेवली. दिसेल अशी.

दिवेलागण झाली. हे पुढं गल्ल्यावर गिऱ्हाइकांत अडकले होते. मी दिवा लावला, पाण्याचा तांब्या भरून दाराशी ठेवला आणि त्या दिवशी देवघरात न बसता माळ घेऊन वरच्या पायरीवर बसले. तिथून रस्ताही दिसत होता आणि चिंचही. दहा-बारा मणी सरले असतील, आणि आबांची जीप आत वळली.

पांढरा नवा शर्ट, पँटच्या बाहेर सोडलेला. उजव्या बाजूला फुगवटा. जीपमधून उतरून त्यांनी आधी चिंचेकडं बघितलं. अण्णांनी तो फुगवटा बघितला, आणि किल्ली उचलली.

आबा माझ्याकडं आले. मी तांब्या पुढं केला. ते पाणी प्यायले. भिंतीकडं तोंड केलं, गोळ्या काढल्या, खिशात टाकल्या. मग वळले आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही तळहातांवर धरून माझ्यासमोर उभे राहिले. नेहमीसारखं.

माझा पदर कमरेला खोचलेला होता. मी तो तसाच ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

“वैनी?”

मी पुन्हा मान हलवली. मौन मोडावं असं मनात आलं. शब्द ओठापर्यंत आला. बोटं मात्र मणी सोडायला तयार होईनात. दत्तगुरूंना म्हटलं, तुम्हीच बघा आता, आणि पुढचा मणी ओढला.

आबांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. राग दिसला नाही. बराच लांबून काहीतरी वाहायला आणलेल्या माणसाला देऊळ बंद दिसावं, तसे ते उभे होते. चिंचेखाली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, अण्णा निघाले.

पण पावलं पायऱ्यांकडं आली.

“माळ चालू आहे त्यांची,” अण्णा म्हणाले. बघत होते माझ्याकडं, बोलणं मला उद्देशून नव्हतं.

आबांनी मान वळवली नाही. “दिसतंय मला. आक्का पण करते.”

“मग विचारताय काय त्यांना? बोलणार आहेत का त्या?”

“पदर का पुढं करत नाहीत, ते विचारतोय.”

“आता घेत नाहीत. कायदा आहे. दुसऱ्याचं ठेवून घेतलं तर गुन्हा त्यांच्यावर होतो. देणाऱ्यावर पण.”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. मघाशी.”

“तुला सांगितलं आणि मला नाही?”

“तुम्ही तासगावात बेदाणा विकत होता.”

मी दोन मणी ओढले. मग अण्णांनी विचारलं, “दर बरा लागला?”

“ठीक,” आबा म्हणाले. “गारपिटीच्या मानानं ठीक.”

विहिरीवरच्या दिवसानंतर एकमेकांशी बोललेलं त्यांचं हे पहिलं बोलणं. मला हसू आलं, पण जपात हसत नाहीत. खाली बघून पुढचा मणी ओढला.

अण्णांचा आवाज मात्र लगेच बदलला. “ते आणलंच कशाला पण? मी मोकळ्या हातानं आलो होतो. भावाबरोबर जेवायला कुणी असलं घेऊन येतं का?”

“तुझ्यासाठीच आणलं.”

अण्णा एक पाऊल मागं सरले. आबांच्या ते लक्षात आलं आणि हातातल्या वस्तूसकट त्यांना काय करावं कळेना.

“तसं नव्हे रे,” ते म्हणाले. “तसं नव्हे, हणमंता.”

“मग कसं?”

आबांना बोलायला जड जात होतं. प्रत्येक शब्द ते उचलून बाजूला ठेवल्यासारखे बोलत होते. “आक्काला शब्द दिलाय मी. ज्याच्यादेखत वर केलं, त्याच्यादेखत खाली ठेवीन म्हणून. दर बुधवारी इथं ठेवतोच की मी. आज तू बघणार होतास, बस्स. म्हटलं, बोलायला लागणार नाही.”

अण्णांनी त्यांच्या हातांकडं बघितलं.

“घरी ठेवून आलो असतो तर तुला काय दिसलं असतं? रिकामी कंबर. ती तर सगळ्यांचीच असते.”

माझी बोटं चालत होती. रस्त्यावरून ट्रक जात होते, परमिट रूममधून हसण्याचा आवाज येत होता आणि माझ्यासमोर दोन पोक्त माणसं उभी होती. एकाच्या हातात हत्यार, दुसऱ्याच्या हातात किल्ली, आणि दोघांनाही ते कुठं ठेवावं हे कळत नव्हतं. मी मणी ओढत राहिले. घाई केली नाही. मी बोलले असते तर त्यांना गप्प बसायला कारण मिळालं असतं.

“त्या दिवशी,” अण्णा म्हणाले, “मला गोळीची भीती वाटली नव्हती. तुम्ही झाडणार नाही हे मला ठाऊक होतं. तुम्ही शर्ट वर केला, त्याचंच वाटलं.”

“माहीत आहे.”

“तक्रार दिली नाही मी.”

“ते पण माहीत आहे. दिली असतीस तर बरं झालं असतं, असंही वाटलं कधी कधी.”

बोटाला शेवटचा मेरुमणी लागला. मी माळ डोळ्यांना लावली, गोमुखीत ठेवली आणि उठले. गुडघे आखडले होते.

“आबा, आधी ते आत घ्या,” मी म्हटलं. “रस्ता आहे समोर. उघड्यावर नको.”

त्यांनी घाईघाईनं ते कमरेच्या पट्ट्यात खोचलं. गोळ्या खिशातच राहिल्या.

“मी नाही ठेवू शकत आता. अण्णांनी सांगितलं ते खरं आहे. मला आधी कळवायचं होतं, हे मळ्यावर येऊनही गेले. पण तुमचं खाली ठेवायचं राहू देऊ नका. ठाण्यात जमा करता येतं. निवडणुकीत करता तसंच. साहेब म्हणाले, आपणहून आलं तरी घेतात. पावती देतात.”

“आपणहून?” आबा म्हणाले. “अंमलदार विचारेल, या माणसाला आज काय झालं.”

“विचारू दे,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि खांदे पुन्हा खाली आले. “पण तिथं हा कुठं असणार, वैनी? मी एकटाच जाऊन ठेवणार. आक्काला दिलेला शब्द वेगळा होता.”

मी रिकामा तांब्या उचलला. यापुढचं माझं बोलायचं नव्हतंच.

अण्णा किल्लीकडं बघत होते. ती त्यांनी दोन-तीनदा बोटांत फिरवली. त्यांच्या मनात काय चाललं होतं मला ठाऊक नाही. ज्या माणसानं मूठ दाखवली, त्याच माणसाशेजारी, त्याच मुठीपासून हातभर अंतरावर, जीपमध्ये बसायचं होतं. मग त्यांनी किल्ली खिशात टाकली.

“ठाण्यात पण बाक असतो बसायला,” ते म्हणाले.

आबांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघितलं.

“ताटं झाकून ठेवते,” मी म्हटलं. “तुम्ही दोघं परत आल्याशिवाय आज माझ्याही घशाखाली घास उतरायचा नाही.”

“असले उपास धरू नका वैनी आमच्यासाठी,” आबा म्हणाले.

“उपास नाही. पाहुण्यांआधी जेवायचं नसतं, एवढंच.”

दोघं पायऱ्या उतरले. आबा पुढं, अण्णा दोन पावलं मागं. जीपपाशी पोहोचल्यावर अण्णा दुसऱ्या बाजूला गेले. दार उघडलं, पण बसले नाहीत. बोनेटच्या वरून त्यांनी विचारलं, “परवाना बरोबर आहे ना? नाहीतर तिथून परत पाठवतील.”

“आहे. पुढच्या कप्प्यात.”

“दादा.”

आबा थांबले. ती हाक त्यांनी किती वर्षांनी ऐकली असेल.

“शर्ट खाली घ्या,” अण्णा म्हणाले. “मूठ दिसतेय. झाकलेली पाहिजे.”

आबांनी खाली बघितलं. घाईत खोचताना शर्टाचं टोक वर अडकून राहिलं होतं. त्यांनी ते सोडवलं, दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि तळव्यानं एकदा सपाट केलं. मग भावाकडं बघितलं, आता झाकलंय का असं विचारल्यासारखं. अण्णांनी मान डोलावली आणि आत बसले.

जीप सुरू झाली. हॉर्न न वाजवता, हळू, ती रस्त्याला लागली आणि ठाण्याच्या दिशेनं वळली.

मी आत गेले आणि दोन ताटं काढली.